हँडलरमध्ये नल चेक टाकला, ऊप्स थांबला, तरी पॅच परत का आला?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. लिनक्सवर एका प्लॅटफॉर्म डिव्हाइसचा ड्रायव्हर आहे, बूट होताना कधीकधी इंटरप्ट हँडलरमध्ये (डिव्हाइसने हाक दिली की कर्नल बोलावतो ते फंक्शन) ऊप्स, म्हणजे कर्नलचा क्रॅश-रिपोर्ट, येतो, पत्ता ००१८, म्हणजे नल पॉइंटर (शून्य पत्त्याचा, कुठेच न दाखवणारा). तुम्ही हँडलरच्या पहिल्या ओळीतच चेक टाकला, प्राइव्ह (ड्रायव्हरच्या स्वतःच्या डेटाचा पॉइंटर) नल असेल तर आयआरक्यू-नन, म्हणजे "हा इंटरप्ट माझा नाही", देऊन परत फिर, ऊप्स बंद झाला, पुन्हापुन्हा बूट करून बघितलं, सगळं ठीक. आणि रिव्ह्यू करणाऱ्याने "हा चेक नको, मूळ शोधा" एवढंच लिहून पॅच परत पाठवला. तिकडे तुमचे सिनिअर म्हणतात चेक असलेला कधीही बरा, एका तुलनेला कितीसा वेळ लागतो. मग कोणाचं ऐकायचं?

रिव्ह्यू करणाऱ्याचं ऐका. पॅच का परत पाठवला हे त्यांनी लिहायला हवं होतं, नवीन माणसाला एका ओळीत परत पाठवणं मला अजिबात पटत नाही, पण त्यांचं म्हणणं बरोबर आहे. मी बरीच वर्षं ड्रायव्हरचेच पॅच बघतोय आणि नल चेक दिसला की माझा पहिला प्रश्न एकच असतो: हा पॉइंटर इथे नल येतोच कसा? याचं उत्तर "येऊच शकत नाही" असेल तर चेक काढायचा. उत्तर "अमुक कारणाने येतो" असेल तर आधी त्या कारणाकडे जायचं, चेक हा त्यावरचा इलाज आहे का ते नंतर. आणि "माहीत नाही, असू दे सेफ म्हणून" असं उत्तर असेल तर तो पॅच अजून तयार नाही, कारण पॉइंटर कुठून येतो हेच अजून कोणी बघितलेलं नाही.

तुमच्या कोडमध्ये काय होतंय ते बघा. प्रोबमध्ये (डिव्हाइस सापडल्यावर ड्रायव्हर तयार करणारं फंक्शन) मेमरी घेतली, लगेच डेव्हएम-रिक्वेस्ट-आयआरक्यू केलं, म्हणजे इंटरप्ट मागितला (डेव्हएमने घेतलेल्या गोष्टी ड्रायव्हर सुटताना कर्नल आपोआप सोडतो), त्याला डिव्हाइसचा पॉइंटर दिला, मग रजिस्टर मॅप केले, क्लॉक चालू केलं आणि अगदी शेवटी ड्रायव्हर डेटा सेट केला. हँडलर मात्र पहिल्या ओळीत ड्रायव्हर डेटा मागतो. म्हणजे इंटरप्ट मागितल्यापासून डेटा सेट होईपर्यंत जो काही वेळ जातो त्यात इंटरप्ट आला की प्राइव्ह नल, आणि त्याच्या १८ हेक्स म्हणजे २४ व्या बाइटवर रजिस्टरचा बेस ठेवलाय, म्हणून पत्ता ००१८. आता कोणी म्हणेल डिव्हाइस अजून चालूच केलेलं नाही, इंटरप्ट येईल कुठून? बूटलोडरने ते डिव्हाइस वापरलेलं असतं आणि तसंच सोडून दिलेलं असतं, केएक्झेकने चालत्या कर्नलमधूनच दुसरा कर्नल चढवला तरी तेच, पेंडिंग बिट (इंटरप्ट वाट बघतोय अशी खूण) लागलेला असतो. लाइन शेअर्ड असेल तर शेजारच्या डिव्हाइसचा इंटरप्ट आला तरी तुमचा हँडलर बोलावला जातो. रिक्वेस्ट-आयआरक्यू परत येण्याआधीसुद्धा हँडलर चालू शकतो, त्यामुळे ते फंक्शन बोलावलं त्या क्षणापासून "मी तयार आहे" असं तुम्ही कर्नलला सांगितलेलं असतं.

आता तुमचा चेक यात काय करतो? प्राइव्ह नल, म्हणून हँडलर म्हणतो "हा माझा नाही". पण इंटरप्ट लेव्हल-ट्रिगर्ड असेल तर डिव्हाइसने लाइन धरून ठेवलीय, तिला कोणी शांत केलेलंच नाही, त्यामुळे हँडलर संपला की लगेच परत इंटरप्ट, परत "माझा नाही", परत इंटरप्ट. कर्नल हे मोजत असतो. १ लाख इंटरप्टपैकी ९९,९०० पेक्षा जास्त कोणीच घेतले नाहीत की तो लॉगमध्ये "नोबडी केअर्ड" असं छापतो आणि ती लाइनच बंद करून टाकतो. मग प्रोब यशस्वी, ड्रायव्हर लोड झालेला, डिव्हाइस सिसएफएसमध्ये (कर्नल डिव्हाइसची माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे) दिसतंय, आणि डेटा मात्र येत नाही. आणि शेअर्ड लाइन असेल तर शेजारचं डिव्हाइसही मेलं. आधी ऊप्स होता, त्यात स्टॅक होता, फंक्शनचं नाव होतं, पत्ता होता, अर्ध्या तासात मूळ सापडलं असतं. आता "कधीकधी डिव्हाइस चालत नाही, रीबूट केलं की चालतं" अशी तक्रार येणार, आणि ती घेऊन बसणारा माणूस तुमच्या चेकपर्यंत पोचायला किती दिवस लागतील कोणास ठाऊक. मला अशा तक्रारींवर घालवलेले आठवडे आठवतात म्हणून हे इतकं लांबवून सांगतोय.

अजून एक गोष्ट, जी चेक टाकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. समजा तुम्ही ड्रायव्हर डेटा वर सरकवला, पण रजिस्टर मॅपिंग अजून खालीच आहे. आता प्राइव्ह नल नाही, चेक पास झाला, आणि आतला बेस नल. मग बेसलाही चेक टाकणार? मग क्लॉक बंद असताना रजिस्टर वाचला तर कित्येक एसओसीवर (सीपीयू आणि बाकीची डिव्हाइस एकाच चिपवर) बस एरर येतो नाहीतर मशीन जागच्या जागी अडकतं, तिथे कुठला नल चेक लावणार? पॉइंटर नल नाही म्हणजे त्यामागची वस्तू तयार आहे असं नसतं. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे चेक आपोआप गळून पडतात.

ड्रायव्हर काढताना पण हाच घोळ असतो आणि तो जास्त वाईट. रिमूव्ह फंक्शन आधी चालतं, डेव्हएमने घेतलेल्या गोष्टी त्यानंतर उलट्या क्रमाने सुटतात. तुमच्या रिमूव्हमध्ये बफर केफ्री करून (म्हणजे मेमरी सोडून) पॉइंटर नल केलाय, बरोबर? पण इंटरप्ट डेव्हएमने घेतलेला, म्हणजे रिमूव्ह संपल्यावरही तो जिवंत आहे. हँडलरमध्ये "बफर नल नसेल तर लिही" असं असलं तरी चेक झाल्यावर आणि लिहिण्याआधी दुसऱ्या सीपीयूवर बफर सुटू शकतो, मग तो नल डीरेफरन्स पण नाही, यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे सोडलेल्या मेमरीचा वापर, ऊप्स पण येईल याची खात्री नाही, कोणाच्या तरी दुसऱ्याच्या मेमरीत लिहून मोकळा. लॉक नसलेला नल चेक दोन सीपीयूंमध्ये काहीही वाचवत नाही.

आता २००९ ची एक गोष्ट सांगतो, नवीन रिव्ह्यूअरने ही माहीत असायलाच हवी. लिनक्स २.६.३० मध्ये टन नावाचा नेटवर्क ड्रायव्हर, व्हीपीएनसाठी वापरतात तो, त्याच्या पोल फंक्शनमध्ये पहिल्या ओळींत टन स्ट्रक्चरमधून सॉकेटचा पॉइंटर काढलेला आणि खाली लिहिलेलं, टन नल असेल तर एरर परत दे. चेक होता! वाचणाऱ्याला दिसत होता. पण जीसीसी कंपायलरने असा विचार केला की वर हा पॉइंटर वापरून झालाय, सी च्या नियमानुसार नल पॉइंटर वापरणं म्हणजे अनडिफाइन्ड बिहेव्हिअर, म्हणजे तो नल नसणारच, मग खालचा चेक कशाला, आणि चेक उडवून टाकला. बायनरीत तो नव्हताच. मग ज्याला झिरो पेज (शून्य पत्त्याचं मेमरीचं पान) मॅप करता आलं त्याने तिथे स्वतःचा डेटा ठेवला, कर्नलने तो सॉकेट समजून वापरला, आणि साध्या युजरला रूट मिळाला. या सुरक्षा-त्रुटीचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२००९-१८९७. दुरुस्ती म्हणजे सॉकेट काढायची ओळ चेकच्या खाली नेली, आणि त्याच सुमारास कर्नलच्या मेकफाइलमध्ये जीसीसीला असे चेक उडवू नको असं सांगणारा फ्लॅग आला, तो आजही आहे. पण फ्लॅग आहे म्हणून निर्धास्त राहू नका. चेक दिसला की मी डोळे वरच्या दिशेने नेतो, हा पॉइंटर याआधी कुठे वापरलाय का, आणि व्हेरिएबल डिक्लेअर करतात त्या पहिल्या चार ओळी सगळ्यात आधी, कारण तिथे नजर जात नाही. स्मॅच हे टूल नेमकं हेच पकडतं, "चेकच्या आधी वापरला" अशी वॉर्निंग देतं. पण वॉर्निंग आली की लोक काय करतात, चेक वर नेतात. कित्येकदा योग्य उत्तर चेक काढून टाकणं हे असतं, कारण बोलावणाऱ्या सगळ्या ठिकाणी तो पॉइंटर आधीच वापरलेला असतो. टूल फक्त एवढं सांगतं की या दोन ओळी एकमेकींशी जुळत नाहीत, कुठली चुकीची ते माणसानेच ठरवायचं.

मग चेक कुठे हवाच? जिथे देणाऱ्याने "नल देऊ शकतो" असं कबूल केलंय तिथे, आणि जिथे समोरच्यावर विश्वास ठेवता येत नाही तिथे. मेमरी घेतली की चेक, यात वाद नाही. डिव्हाइस ट्रीमधून (बोर्डवरच्या हार्डवेअरची यादी) मॅच डेटा घेतला की मी चेक बघतोच, कारण "कंपॅटिबल जुळलं म्हणूनच प्रोब झाला ना" हे खरं नाही, सिसएफएसमधल्या ड्रायव्हर-ओव्हरराइडने रूट युजर ड्रायव्हर जबरदस्तीने बाइंड करू शकतो आणि तेव्हा मॅच डेटा नल येतो. यूएसबीत तर डिव्हाइस पूर्ण परकं असतं, डिस्क्रिप्टरमध्ये काय लिहावं हे त्याच्या हातात, तुमच्या ड्रायव्हरने "बल्क-आउट एंडपॉइंट असणारच" धरून चाललं आणि डिव्हाइसने तो दिलाच नाही तर संपलं. सिझकॉलर या कर्नलची आपोआप चाचणी घेणाऱ्या टूलने असे बग ढिगाने काढलेत. तिथे हाताने चेक लिहिण्यापेक्षा यूएसबी कोअरचं एंडपॉइंट शोधून देणारं फंक्शन वापरा, नाही सापडला तर ते एरर देतं. विंडोजवर काम करणाऱ्यांसाठी याच जातीचं उदाहरण म्हणजे बफर्ड आयओसीटीएलमध्ये (युजर प्रोग्रॅम ड्रायव्हरला हुकूम देतो तो कॉल) इनपुट आणि आउटपुट दोन्ही लांबी शून्य पाठवल्या की सिस्टम बफर नल असतो, आणि तो पाठवणारा साधा युजर प्रोग्रॅम असतो.

आणि आता सगळ्यात चिवट भाग, ज्यावर माझा रिव्ह्यूतला सगळ्यात जास्त वेळ जातो: चेक आहे, पण चुकीचा. कर्नलमधली कित्येक फंक्शन्स अपयश आलं तर नल देत नाहीत, एरर पॉइंटर देतात, म्हणजे उणे एरर नंबर पॉइंटरमध्ये घालून, १ ते ४०९५ पर्यंतचे. रजिस्टर मॅप करणारं डेव्हएम-आयओरिमॅप नल देतं. डेव्हएम-आयओरिमॅप-रिसोर्स एरर पॉइंटर देतं. नावात एका शब्दाचा फरक! पहिल्यावरून दुसऱ्यावर कोड नेला आणि खालचा "नल आहे का" तसाच राहिला तर तो चेक कधीच लागणार नाही, एरर पॉइंटर नल नसतो, तो पुढे जाणार आणि फुटणार. उलटं पण होतं, नल देणाऱ्या फंक्शनला इज-एरर (एरर पॉइंटर आहे का बघणारा चेक) लावलं, नल हा एरर पॉइंटर नाही, पास. मग कोणीतरी वैतागून दोन्ही एकत्र तपासणारं इज-एरर-ऑर-नल लावतं आणि खाली लिहितं, रिटर्न पॉइंटर-एरर, म्हणजे पॉइंटरमधला एरर नंबर परत दे. पॉइंटर नल असेल तर पॉइंटर-एरर म्हणजे शून्य. शून्य म्हणजे यश! प्रोब अर्धवट सोडून "झालं" म्हणून परत आला. इज-एरर-ऑर-नल दिसलं की मी थांबतोच, दहातल्या नऊ वेळा त्याचा अर्थ लिहिणाऱ्याने फंक्शनची व्याख्या उघडून बघितलेली नाही असा निघतो.

"ऑप्शनल" नावाची फंक्शन्स अजून वेगळी. जीपीआयओ (चिपच्या साध्या पिन) आणि क्लॉकचं ऑप्शनल वस्तू नसेल तर नल देतं, आणि तो नल तसाच पुढच्या फंक्शनला दिला तरी चालतं, ते गुपचूप काही न करता परत येतात. तिथे नलला चेक लावून प्रोब फेल केला तर ज्या बोर्डवर ती पिन नाही तिथे ड्रायव्हरच चालणार नाही. रेग्युलेटरचं (वीजपुरवठ्याचं) ऑप्शनल मात्र नल देत नाही, वस्तू नसेल तर उणे ईनोडेव्ह (असं डिव्हाइस नाही) असा एरर पॉइंटर देतं. सारखं नाव, वागणं वेगळं. पाठ करण्यापेक्षा दर वेळी सोर्स उघडा, दोन मिनिटं लागतात.

यावरून ऊप्स वाचायची एक युक्ती. पत्ता लहान असेल, ००१८ सारखा, तर नल अधिक स्ट्रक्चरमधल्या मेंबरचं अंतर, पाहोल हे स्ट्रक्चरचा आराखडा दाखवणारं टूल चालवून कुठला मेंबर ते काढायचं. पत्ता सगळा एफ-एफ आणि शेवटी एफएफएफ४ असेल तर तो उणे १२, ईनोमेम (मेमरी मिळाली नाही), म्हणजे एरर पॉइंटर वापरला गेलाय. पण एकदा माझ्यासमोर पत्ता ५ आला होता. कर्नलने छापलेलं "नल पॉइंटर डीरेफरन्स", आणि ज्याने पाठवला तो नल चेक टाकून मोकळा झालेला, तरी ऊप्स येतच होता. पाचव्या बाइटवर ८ बाइटचा पॉइंटर कोणी ठेवत नाही. उणे १९ म्हणजे ईनोडेव्ह, त्यात मेंबरचे २४ मिळवा, ५. तो नल कधीच नव्हता, पत्ता फिरून शून्याच्या पलीकडे आला होता आणि पहिल्या पानात पडला म्हणून कर्नलने त्याला नल म्हटलं.

कंटेनर-ऑफबद्दल (मेंबरच्या पत्त्यावरून अख्ख्या स्ट्रक्चरचा पत्ता काढणारा मॅक्रो) थोडक्यात: त्यातून आलेल्या पॉइंटरला नल चेक लावायला अर्थ नाही, ते फक्त वजाबाकी करतं, आत नल गेला तरी बाहेर कचरा येतो, मेंबर पहिलाच असेल तरच नल. लिस्टचं पण तसंच. रिकाम्या लिस्टची पहिली एंट्री मागितली तर नल येत नाही, लिस्टच्या डोक्यावरून मोजलेला खोटा पॉइंटर येतो, त्यासाठी "ऑर-नल" वालं वेगळं रूप आहे ते वापरा. आणि लूप संपल्यावर "सापडला का" म्हणून लूपचाच पॉइंटर नल आहे का बघणं, हे तर मी अजूनही महिन्यातून एकदा बघतो. वेगळं व्हेरिएबल ठेवा, सुरुवातीला नल करा, सापडला की त्यात घाला.

उलट, काही चेक निव्वळ गर्दी करतात. केफ्रीच्या आधी नल आहे का बघायची गरज नाही, केफ्री नल घेतं. प्लॅटफॉर्म रिसोर्स नल आहे का बघून मग डेव्हएम-आयओरिमॅप-रिसोर्सला देणं, ते आत स्वतः बघतं. स्टॅटिक फंक्शन, बोलावणारा एकच, तो तीन ओळी वर चेक करून देतोय, आत परत चेक. अशा चेकला वेळ लागत नाही हे तुमच्या सिनिअरचं म्हणणं मान्य, पण वाचणाऱ्याला तो सांगतो की हा पॉइंटर नल येऊ शकतो, मग तो पण पुढे चेक टाकतो, त्याच्या पुढचा पण. आणि प्रत्येक चेकबरोबर एक वाट तयार होते जी कधी चाललेलीच नसते, आत लॉक घेतलेला तसाच राहतो, क्लॉक चालू राहतं.

चेकने सगळं सुटतं हा समज किती पक्का आहे याचं उदाहरण १९ जुलै २०२४ चं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या कर्नल ड्रायव्हरमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन पडली तेव्हा पहिल्याच दिवशी सगळीकडे एकच वाक्य फिरत होतं, नल चेक विसरले. प्रत्यक्षात कोडला २१ इनपुट अपेक्षित होते आणि दिले होते २०, एकविसावा वाचायला गेला तो ॲरेच्या बाहेर, तिथून जो आकडा मिळाला तो पॉइंटर समजून वापरला. तिथे नल चेक कितीही टाकले असते तरी उपयोग नव्हता, हवा होता तो लांबीचा चेक.

आता तुमच्या पॅचचं. हँडलरमधला चेक काढा. प्रोबमध्ये मेमरी, रजिस्टर, क्लॉक, मग डिव्हाइसमधले इंटरप्ट मास्क करून पेंडिंग साफ, आणि त्यानंतर रिक्वेस्ट-आयआरक्यू, शक्य तितकं शेवटी. त्याला डिव्हाइसऐवजी सरळ प्राइव्ह द्या, मग हँडलरला ड्रायव्हर डेटा विचारावाच लागत नाही आणि तो नल असण्याचा प्रश्नच मिटतो. बफर पण डेव्हएमने घ्या आणि इंटरप्टच्या आधी घ्या, म्हणजे सुटताना इंटरप्ट आधी सुटेल आणि बफर नंतर. रिमूव्हमध्ये केफ्री राहणार नाही, फक्त हार्डवेअर मास्क करा. हे प्रोबचं आणि रिमूव्हचं दोन वेगळ्या पॅचमध्ये पाठवा, दोघांना आपापला फिक्सेस टॅग (कुठल्या जुन्या कमिटची चूक दुरुस्त होतेय ते सांगणारी ओळ).

कमिट मेसेजमध्ये "नल पॉइंटर दुरुस्त" एवढंच लिहू नका. इंटरप्ट कुठल्या ओळीपासून येऊ शकतो, तेव्हा काय सेट झालेलं नसतं, ऊप्सच्या चार ओळी, बस. पाठवण्याआधी फॉल्ट इंजेक्शनमधलं फेलस्लॅब (मेमरीची मागणी मुद्दाम फेल करणारं) चालू करून प्रोब फेल करून बघा, कारण लहान आकाराची जीएफपी-कर्नल, म्हणजे कर्नलमधली नेहमीची, मेमरीची मागणी एरवी जवळजवळ कधीच फेल होत नाही, म्हणजे तुमची एरर वाट आजवर एकदाही चाललेली नसणार. लाइन शेअर्ड असेल तर डीबग-शेअर्ड-आयआरक्यू लावा, इंटरप्ट सोडताना ते मुद्दाम हँडलर बोलावतं. आणि केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं टूल) लावलेल्या कर्नलवर सिसएफएसमधून अनबाइंड-बाइंड रात्रभर लूपमध्ये चालू द्या, डिव्हाइसवर लोड ठेवून. सकाळी लॉग स्वच्छ असेल तर त्याच रिव्ह्यूअरला पाठवा, आणि यावेळी चेक का काढला तेही त्यात लिहा.